मुख्यमंत्री साहेब, पूल पडले तर गोवा कसा चालणार?

मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य

साहेब नमस्कार,

मे 2025 मध्ये युद्धाच्या तयारीचं ते मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले, लोकांनी व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर टाकले आणि मग देवाक काळजी. म्हणून हे पत्र.

नकाशा बघा जरा. बंदर मुरगावात, नौदलाचा विमानतळ दाबोळीला, शिपयार्ड वास्कोत, तेलाच्या टाक्या पण त्याच तालुक्यात आणि या सगळ्याच्या मधे माणसं राहतात. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या मिसाईल बोटी कराचीला गेल्या आणि केमारीच्या तेलटाक्या पेटल्या, त्याचाच नौदल दिन आपण दरवर्षी करतो, छान, करायलाच पाहिजे. पण पश्चिम पाकिस्तानची गोची काय होती, तर मोठं बंदर एकच, तेल तिथेच, नौदल पण तिथेच. मुरगाव तालुका यापेक्षा वेगळा कसा ते कोणीतरी सांगा मला.

बरं, बंदर नि नौदल हे केंद्राचं काम, तुम्ही ते हलवू शकत नाही. नद्या मात्र तुमच्या हातात आहेत. 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी मागे सरताना बाणस्तारीचा, बोरीचा पूल उडवला, आणि आपलं सैन्य मिळेल त्या होड्यांतून मांडवी ओलांडून पणजीत शिरलं. 5 जुलै 1986 ला तर युद्धही नव्हतं, मांडवीचा पूल आपणहूनच कोसळला (तिथे शत्रू कोण ते तुम्हीच ठरवा) आणि पणजी-बेती फेरीबोटींवर सगळा भार आला. तरी आपल्याकडे पूल झाला की फेरीबोट म्हणजे फुकटचा खर्च!

भाजी बेळगावहून येते, चोर्ला नि अनमोड घाटाने, पावसात दरड पडली तरी बाजारात भाव चढतात, युद्धाचं तर सोडाच.

तेव्हा पुढच्या बजेटात एवढं करा: आगशी, कुठ्ठाळी, बोरी, बाणस्तारी इथे पूल असले तरी फेरीबोट लागेल असे धक्के ठेवा, प्रत्येक तालुक्यात तांदूळ-गॅसचा साठा ठेवा, आणि पुढचं मॉक ड्रिल आगशी-कुठ्ठाळीमधला झुआरी नदीवरचा पूल दिवसभर बंद ठेवून घ्या. दक्षिणेकडच्या सासष्टी तालुक्यातला पेशंट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कसा पोचतो ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा.

आपला,
तिसवाडीचा एक मतदार