भाऊंचा माऊ करणारा ब्रश फॉन्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि निम्म्या फ्लेक्सवर तो ब्रशने ओढल्यासारखा नाचरा फॉन्ट असतोच. आधीच सांगतो, मला तो आवडतो. जाडजूड सुरुवात, शेवटी निमुळता होत गेलेला फराटा, वेलांटीला लांब शेपूट, मधेच कोरड्या ब्रशचे ओरखडे, एकदम उत्सवी वाटतं. पण तो कुठे लावायचा याचा काही विचार?

आमच्या नाक्यावर एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता आणि लांबून सरळ "माऊंना हार्दिक शुभेच्छा" असं दिसत होतं, पोरं दोन दिवस म्याव म्याव करत होती! आता यात डिझायनरचा एकट्याचा दोष नाही, आपल्या लिपीत भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक तो केवढासा, भ आणि ध च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे छोटी गाठ येते, बस. ब्रश फॉन्टमध्ये ती रेघच लाटेसारखी वरखाली केली किंवा गाळूनच टाकली की वाचणाऱ्याने अंदाज लावायचा. ख चा रव होतो तो वेगळाच.

कमल शेडगे नाटकांची नावं हाताने काढायचे, तेव्हा अख्खं नाव एक चित्र म्हणून जुळवलेलं असायचं. हाताने काढलं की एका शब्दातले दोन न सुद्धा वेगळे येतात. साध्या ब्रश फॉन्टमध्ये दोन्ही न चा फराटा आणि ओरखडा अगदी सेम टू सेम, मग ती नक्कल लगेच कळते. म्हणून हा फॉन्ट दोन-तीन शब्दांसाठीच, आणि मोठ्या साइझमध्ये. ढोल-ताशा पथकाचा टीशर्ट, बालनाट्य शिबिराचं पोस्टर, कुल्फीची गाडी, दिवाळी अंकातल्या विनोदी कथेचं शीर्षक, इथे तो शोभतो. पत्ता, तारीख, फोन नंबर, देणगीदारांची यादी यात नको, तिथे 'मुक्ता'सारखा सरळ फॉन्ट घ्या, फुकट आहे आणि त्यात अक्षराच्या बारीक ते ठळक अशा 7 जाड्या मिळतात. हातच्या अक्षराचा फील हवाच असेल तर मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' (Yatra One) फॉन्ट बघा, ब्रशचा तिरका कट आहे पण अक्षर ओळखू येतं, तोही फुकट.

आणि भावपूर्ण श्रद्धांजलीला तर हा फॉन्ट कृपा करून नकोच, फोटोतला माणूस गंभीर आणि खाली अक्षरं नाचतायत, कसं दिसतं ते!

तुमच्या रविवार पुरवणीतही हल्ली लेखाचा अख्खा इंट्रो या फॉन्टमध्ये येतो, शीर्षकापुरता ठेवा की. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती छापा, फ्लेक्सचं प्रूफ मोबाइलवर आलं की ते बारीक करून घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, मजकूर आधी माहीत नसलेल्या माणसालाच, आणि मगच प्रिंटला पाठवा.

– एक वाचक, डोंबिवली