गुडघ्यातले पाणी तपासल्याविना टाकू नये

महोदय,

‘गुडघ्यातले पाणी एकदा काढले की ते वारंवार काढावेच लागते’ हा समज कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यापासून मंडईपर्यंत इतका रुजला आहे, की सुजलेला गुडघा चोळून, शेकून आणि घट्ट बांधून लोक आठवडेच्या आठवडे काढतात. वस्तुतः पाणी पुन्हा साचते ते सुई टोचल्यामुळे नव्हे, तर झीज, हाडांमधली फाटलेली गादी, गाऊट (युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार), संधिवात किंवा जंतुसंसर्ग हे मूळ कारण तसेच राहिल्यामुळे.

निरोगी गुडघ्यातही वंगणासारखा द्रव असतो, पण जेमतेम ४ मिलिलिटरपर्यंत. सूज आल्यावर काढलेला द्रव फिकट पिवळा व पारदर्शक असेल तर बहुधा झीज असते. गढूळ असेल तर त्यातील पेशी, स्फटिक आणि जंतू तपासावेच लागतात. कुस्तीत गुडघा मुरगळून काही तासांतच फुगला आणि आत रक्त निघाले, तर अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) तुटल्याची शक्यता मोठी असते. असा गुडघा मालिशवाल्याच्या हाती देणे (त्यांचा अनुभव मान्य करूनही) मला धोक्याचे वाटते.

माझ्या परिचयातील एका ज्येष्ठांचा द्रव तपासणीस न पाठवताच टाकून दिला गेला आणि लगोलग स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले. संसर्गाची शंका असेल तर ते टाळायचे असते. तापासह गुडघा लाल व गरम झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण जंतूंमुळे कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) काही दिवसांतच नष्ट होऊ लागते. आपल्या आरोग्य पुरवणीत अस्थिरोगतज्ज्ञांकडून याविषयी सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर