अर्धवट म्हणतोस त्या शर्यतीबद्दल

पुणे,
३० मार्च २०२५

प्रिय सुहास,

"साठ मीटर हर्डल्स ही काय शर्यत झाली? अर्धवट काम!" असं म्हणून तू परवा फोनवर विषयच बदललास. तुझ्यापुढे फोनवर कुणाचं चाललंय? पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे आखणी. बाहेर मैदानावरच्या एकशेदहा मीटर हर्डल्सला पहिला हर्डल १३.७२ मीटरवर, पुढचे दर ९.१४ मीटरवर, उंची १०६.७ सेंटिमीटर. इनडोअरच्या साठ मीटरलाही अगदी हेच. फक्त हर्डल दहाऐवजी पाच, आणि पाचवा ओलांडला की ९.७२ मीटरवर शर्यत खलास. बाहेर शेवटच्या हर्डलनंतर १४.०२ मीटर मिळतात. त्यामुळे स्टार्ट फसला तर एकशेदहात निदान भरून काढायला पुढचे हर्डल असतात. इथे चूक लक्षात येईपर्यंत समोर गाद्या लावलेली भिंत येते आणि सगळे तिच्यावर जाऊन आदळतात!

चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेतली साठ मीटर हर्डल्सची फायनल पाहिलीस का? अमेरिकेचा ग्रँट हॉलोवे ७.४२ सेकंद, फ्रान्सचा विल्हेम बेलोसियान ७.५४, चीनचा लिऊ जुनशी ७.५५. बेलग्रेड २०२२, ग्लासगो २०२४ आणि आता हे, हॉलोवेचं सलग तिसरं जागतिक इनडोअर सुवर्ण. त्याच्या मानाने ७.४२ ही साधीच वेळ, ग्लासगोला तो ७.२९ धावला होता. पण दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एका शतांशाचा फरक असताना हा बाराने पुढे! बेलोसियानसाठी मात्र मला फार बरं वाटलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हा पोरगा पहिल्या फेरीच्या हीटमध्येच फॉल्स स्टार्टवर, म्हणजे वेळेआधी सुटल्यामुळे, बाद झाला होता. एक हर्डलसुद्धा न ओलांडता घरी.

आता खरा मुद्दा. हॉलोवे इनडोअर साठ मीटर हर्डल्समध्ये २०१४ पासून हरलेला नाही. बाहेर मात्र हरतो. टोकियो ऑलिंपिक आठव, सगळ्यांनी सुवर्ण त्याच्या नावावर लिहून टाकलं होतं. अर्ध्या शर्यतीत तो स्पष्ट पुढे होता, शेवटच्या हर्डलांना पाय जड झाले आणि जमैकाचा हॅन्सल पार्चमेंट बाजूने निघून गेला. १३.०४ आणि १३.०९. तू म्हणशील, बघ, दमसास नाही म्हणून लहान शर्यतीत राजा. मला तसं वाटत नाही. पाच हर्डलपर्यंत याच्याइतकं वेगाने कुणी जात नाही, ते कसब वेगळं मोजायलाच हवं आणि ते इनडोअरलाच मोजलं जातं. पॅरिसला त्याने १२.९९ मध्ये ऑलिंपिक सुवर्णही घेतलं, तेव्हा दमसासाचं बोलणं तिथेच मिटलं.

त्याचा स्टार्ट एकदा व्हिडिओ हळू करून बघ. पहिल्या हर्डलपर्यंत सात पावलं. पूर्वी बहुतेक सगळे आठ घ्यायचे. एक पाऊल कमी करायचं म्हणजे सुटताना पाय रोवायच्या ब्लॉकमधले पायच बदलावे लागतात, पुढचा मागे आणि मागचा पुढे, नाहीतर हर्डलपाशी उलटा पाय येतो. शिवाय प्रत्येक पाऊल लांब टाकायचं, तरी अंगाचा झोक पुढेच ठेवायचा. वर्षानुवर्षं मुरलेली सवय मोडायची म्हणजे किती जोखीम, विचार कर. चीनच्या लिऊ शियांगने ऑलिंपिक सुवर्ण आणि विश्वविक्रम गाठीला असताना ती घेतली. अमेरिकेच्या एरीज मेरिटनेही घेतली. २०१२ च्या मार्चमध्ये इस्तंबूलच्या इनडोअर फायनलला हे दोघे समोरासमोर आले. मेरिट ७.४४, लिऊ ७.४९. तेव्हा कोण लक्ष देतो? त्याच वर्षी मेरिटने लंडनला ऑलिंपिक जिंकलं आणि सप्टेंबरात ब्रसेल्सला १२.८० चा विश्वविक्रम केला. तुझ्या 'अर्धवट' शर्यतीत ते आधीच दिसलं होतं.

साठ मीटर हर्डल्सच्या विश्वविक्रमाचंही सांगतो. ब्रिटनच्या कॉलिन जॅक्सनने १९९४ मध्ये ७.३० केले, ते जवळजवळ २७ वर्षं टिकले. हॉलोवेने २०२१ मध्ये माद्रिदला ते मोडले, तेही एका शतांशाने. गेल्या वर्षी आल्बुकर्कीला ७.२७ वर आणले. ३० वर्षांत तीन शतांश, आणि तू म्हणतोस सोपी शर्यत!

हे सगळं तुला लिहायचं कारण म्हणजे तुझ्याच कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा तेजस शिरसे. २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये एकशेदहा मीटर हर्डल्स १३.४१ मध्ये धावून त्याने सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तुझ्या शाळेतली पोरं त्याचं नाव घेतात हे तूच सांगितलंस. मग त्यांना रोज पूर्ण अंतर पळवून का दमवतोस? आठवड्यातून दोन दिवस नुसते ब्लॉक आणि पहिले दोन हर्डल ठेव. पावलं मोज, चुन्याच्या खुणा कर, कुणाचा कुठला पाय पुढे येतो ते वहीत लिही. सात पावलांच्या फंदात मात्र आत्ता पडू नकोस, त्या वयात आठच बरी.

मे महिन्यात पोरांना घेऊन बालेवाडीला येणार असशील तर आधी कळव, राहायची सोय बघतो. वहिनींना नमस्कार. आणि उत्तर पत्रानेच दे, फोन करू नकोस.

तुझा,
अविनाश