क्लचमधलं काळं पाणी

कोल्हापूर
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय पिंट्या,

पत्र पुढे वाचण्याआधी एक काम कर. गॅरेजच्या फळीवरची ती डॉट ४ ची, म्हणजे ब्रेक ऑइलची, बाटली उचल आणि क्लचपासून लांब ठेव.

परवा फोनवर तू म्हणालास, "तू क्लचचं ऑइल घरी बदललंस ना, मग मीही शनिवारी उरकतो. पुढच्या ब्रेकचं ऑइल उरलंय, तेच घालतो." मी आपला हो हो करत बसलो. फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. माझ्या सुझुकी बँडिटच्या क्लचला डॉट ४ चालतं, तुझ्या बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसच्या क्लचला चालत नाही. तिच्या ब्रेकमध्ये डॉट ४ आणि क्लचमध्ये मिनरल ऑइल. एकाच हँडलवर तेलाच्या दोन डब्या, आणि दोघींचं एकमेकींशी वैर! दोन्हीकडची रबरं वेगळ्या जातीची असतात. डॉट ४ सोसणारं रबर मिनरल ऑइलमध्ये फुगतं आणि मिनरलवालं डॉट ४ मध्ये बिघडतं. त्यापुढची साफसफाई म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे सील नवे. तुमच्या म्युनिकमध्ये त्याची मजुरी किती होईल ते तूच सांग. आणखी एक गंमत म्हणजे तुझ्या गाडीच्या आधीच्या ११५० जीएसला क्लचमध्येही डॉट ४ च असायचं. तेव्हा एखादा जुना खोंड छातीठोकपणे सांगेल, "घाल बिनधास्त, आम्ही वर्षानुवर्षं घालतोय." त्याचं ऐकू नकोस. टोपीवर काय लिहिलंय आणि पुस्तकात काय लिहिलंय, तेवढंच ऐक.

आता माझी कथा. फोनवर मी तुला फक्त विजयाचा भाग सांगितला होता.

दिवाळीनंतर वैभववाडीला जाऊन आलो. येताना करूळ घाटात पुढे ट्रकांची रांग. पहिला गिअर, अर्धा क्लच, थांब, पुन्हा अर्धा क्लच, असं वरपर्यंत. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा न्यूट्रल काही केल्या सापडेना. पहिल्यातून थेट दुसरा, दुसऱ्यातून थेट पहिला. शेवटी इंजिन बंद करून न्यूट्रल केलं. फुलेवाडीत आलो तर क्लच पूर्ण दाबून उभा असतानाही गाडी इंचाइंचाने पुढे सरकतेय, जणू घरची ओढ लागलेली बैलजोडी. लिव्हर सोडताना गाडी उचल घ्यायची ती पार मुठीजवळ. दुसऱ्या दिवशी थंड गाडी काढली तर सगळं ठीक! म्हणजे मनाची समजूत घालायला आणखी आठ दिवस मिळाले.

ब्रेकचं ऑइल मी या चार वर्षांत दोनदा बदललं. क्लचचं एकदाही नाही. पुस्तकात दोघांनाही दोन वर्षांचीच मुदत आहे, पण ब्रेक भीती घालतो आणि क्लच नुसता कुरकुरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं कसं, "होतंय जरा" म्हणत वर्ष काढतात, तसं. वायरच्या क्लचला निदान वायर तुटायची धास्ती तरी असते. इथे तेल आपलं काळं होत बसतं.

डबीच्या खिडकीतून ते मला चहासारखं दिसायचं. चहा म्हणजे ठीक, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी गाडी अंगणात डबल स्टँडवर घेतली. डबी सपाट राहील असं हँडल फिरवलं, टाकीवर आईची जुनी सतरंजी टाकली. झाकणाला दोन फुलीचे स्क्रू. ते जपानी फुलीचे असतात आणि आपल्याकडचा साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही. जोर दिला की वर उसळून खाच खातो. हे मला माहीत होतं, तरी घाई केली. पहिला सुटला, दुसऱ्याची खाच गुळगुळीत. मी शिव्या घालत असताना आण्णा बाहेर आले. तुला माहीतच आहे, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी माणूस अजून एसटीच्या वर्कशॉपमध्येच आहे. त्यांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर खाचेत उभा धरला, बुडावर हातोडीचा एकच बेताचा टोला दिला, मग अंगाचा भार टाकून फिरवला. सुटला! "आधी हलवायचं, मग फिरवायचं," एवढंच म्हणाले. नंतर मी उद्यमनगरातून दोन ॲलनचे स्क्रू आणून बसवले.

झाकण, त्याखाली रबराचा घडीचा पडदा, आणि त्याखाली ते. वर चहा, पण तळाला काळा गाळ, बोटाला साबणासारखा बुळबुळीत. आण्णांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "हे ऑइल आहे की काढा?"

काळं का होतं, ते खालचा सिलिंडर बघितला की कळतं. बँडिटमध्ये तो डावीकडे, पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या झाकणावर बसवलेला आहे. लिव्हर दाबला की तेल खाली येतं, सिलिंडरचा पिस्टन एक लांब सळई ढकलतो, ती गिअरच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जाऊन उजवीकडचा क्लच उघडते. म्हणजे त्या बिचाऱ्याला एका बाजूने इंजिनची ऊब, दुसऱ्या बाजूने चेनचं वंगण, गगनबावड्याचा चिखल, पावसाळाभराचं पाणी. वर डॉट ४ चा स्वभावच ओल शोषून घेण्याचा. नवं कोरडं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. त्यात रबराची झीज मिसळते आणि एखादा हवेचा बुडबुडा असला तर तो उन्हात, घाटात फुगतो. लिव्हरचा अर्धा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो आणि सळई हलायची तेवढी हलत नाही. माझं न्यूट्रल हरवलं ते इथे.

सिलिंडरभोवती चेनच्या मळाचा बोटभर थर होता. रॉकेल आता मिळतं कुठे, म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसला आणि मग साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला. डिझेलचा थेंबही आत जाता कामा नये, नाहीतर रबराचं तेच होतं जे तुझ्या गाडीत तू करायला निघाला होतास. सिलिंडरवरच्या निपलची, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूची, रबराची टोपी काढली, ८ नंबरचा रिंग पाना चढवला, त्यावर माशांच्या टाकीची पारदर्शक नळी आणि नळीचं टोक बाटलीत, थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पाना आधी, नळी नंतर. उलट केलंस तर नळी काढून पुन्हा सगळं करावं लागतं. विचारू नकोस कसं माहीत.

वरचं काळं सिरिंजने उपसून डबी पुसली, नव्या सीलबंद बाटलीतलं भरलं. आण्णा लिव्हरवर, मी खाली मांडी घालून.

"दाब."

"दाबलं."

पाना पाव फेरा सैल. नळीतून काळी शेपटी सळसळत खाली. पाना घट्ट.

"सोड."

हा क्रम चुकवायचा नाही. पाना घट्ट होण्याआधी लिव्हर सुटला की खालून हवा आत ओढली जाते. निपल आवळताना मनगटाचाच जोर, दंडाचा नाही; पोकळ असतं, आणि ज्यात फिरतं ते ॲल्युमिनियम. आठ-दहा वेळा केल्यावर काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळसर. वर झाकण उघडं असताना लिव्हर पटकन दाबला की डबीच्या तळाच्या सुईएवढ्या भोकातून कारंजं उडतं. एक थेंब सतरंजीच्या बाहेर टाकीवर पडला, तर आण्णांनी तांब्याभर पाणी सरळ त्यावर ओतलं. हे तेल रंग खातं, पण पाण्याने धुऊन निघतं. नुसतं फडक्याने पुसलं असतं तर डाग पसरला असता.

आणि मग, सगळं सुरळीत चालू असताना, माझा फोन वाजला.

डबी केवढी असते रे! थोड्याच दाबांत रिकामी होते. मी फोनवर "हो, हो, सोमवारी पाठवतो" करत पाना सैल-घट्ट करतोय, आण्णा इमानदारीत दाबतायत-सोडतायत, चष्मा घरात. "तळ दिसतोय का रे हा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा नळीत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले होते. लिव्हर लुळा. मुठीला टेकतोय आणि काहीच लागत नाही. अर्धा तास दाब-सोड केलं, एक थेंब खाली उतरला नाही. वरच्या सिलिंडरला हवा चेपता येते, ढकलता येत नाही.

आण्णा शांतपणे म्हणाले, "हवा वर जाते, तू तिला खाली का ओढतोयस?"

मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणली. वरची डबी जवळजवळ रिकामी केली, सिरिंज आणि नळी ऑइलने काठोकाठ भरून त्यातली हवा काढली, निपल सैल करून खालून वर हळूहळू दाबलं. डबीच्या त्या बारीक भोकातून आधी एक मोठा ढेकर, मग माळेसारखे बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ तेल. इतकं सुंदर दृश्य मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. सिरिंज मात्र दोन आणून ठेव. तिच्या काळ्या रबराला हे ऑइल सोसत नाही. दुसऱ्या भरण्यालाच दट्ट्या फुगून अडकला आणि मला पुन्हा मेडिकलला जावं लागलं. दुकानदाराने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

लिव्हर ऐंशी टक्के परत आला. उरलेल्यासाठी आण्णांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि लिव्हर मुठीला घट्ट बांधून टाकला. "झोप आता." सकाळी पट्टी सोडली, नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचक्या मारल्या, झाकण काढून लिव्हर नखभर दाबत सोडत राहिलो. भोकातून मोहरीएवढे बुडबुडे एकेक करत येऊन गेले आणि लिव्हर दगडासारखा.

शेवटची गोष्ट नीट वाच, ही तुझ्या गाडीलाही लागू आहे. डबी काठोकाठ भरू नकोस. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतलं तेल खाली जातं. क्लचचं उलट. प्लेटा झिजतात तशी सळई मागे येते, खालच्या सिलिंडरचा पिस्टन मागे रेटते आणि तेल वर चढतं. वर जागाच ठेवली नाहीस तर एक दिवस क्लच पूर्ण पकडणारच नाही, घसरत राहील. म्हणूनच कोणी भर न घालता तुझी पातळी वर्षागणिक वाढत असेल तर खूश होऊ नकोस, प्लेटांचं बघ. आणि पातळी खाली जात असेल तर गळती शोध. तुझा क्लच कोरडा आहे, म्हणजे प्लेटांना तेल चालत नाही; खालच्या सिलिंडरचं तेल प्लेटांवर गेलं तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

जुनं ऑइल बाटलीत भरून ठेवलंय, उद्या गॅरेजच्या पिंपात देईन. उरलेलं नवंसुद्धा त्याच्याबरोबरच जाणार. एकदा सील फुटलं की फळीवर ठेवण्यात अर्थ नाही. तुझ्या त्या उरलेल्या बाटलीचंही तेच. ब्रेकलासुद्धा वापरू नकोस.

आज सकाळी जोतिबाला जाऊन आलो. डोंगर चढताना मुद्दाम तीन वेळा थांबून न्यूट्रल शोधला. तिन्ही वेळा पहिल्या टिचकीला हिरवा दिवा. आण्णा मागे बसले होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "तुझ्या गाडीला गिअर आहेत हे आज कळलं."

तू डबीच्या टोपीचा फोटो काढून पाठव, ऑइल विकत घेण्याआधी. आणि तुझ्याकडे लिव्हर दाबायला कोण आहे? वहिनींना विचारणार असशील तर फोन घरात ठेवून बाहेर जा.

आई विचारत होती गणपतीत येणार का. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाबू

ता. क. झाकण लावताना तो रबराचा पडदा कोरडा पुसून, त्याची घडी नीट आत दुमडून बसव. मी तसाच लावला होता, पुन्हा उघडावं लागलं.