उंदरीण, बाळंतीण आणि अर्धं कात्रण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्तनाच्या कॅन्सरमागे विषाणू असेल का, हा आपल्या पुरवणीतला लेख आमच्या गावात पेपरातून नाही, मोबाइलवरच्या कात्रणातून आला. तेही अर्धंच : उंदरीण, तिचं दूध, पिल्लांना कॅन्सर. पुढचं कापलेलं.

मी दारव्हा तालुक्यात आशा सेविका आहे. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला एका बाळंतिणीकडे गेले, तर चुलीजवळ भुकटीचा डबा नि बाटली. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली, पोलकं दुधानं ओलं. सासू म्हणाली, "हिच्या मायले थोच रोग झाला होता ना बाई. दुधातून उतरते म्हनते पेपरात. नातवाले काउन पाजू देऊ?"

मला उत्तर देता आलं नाही. कात्रण घेऊन आरोग्य केंद्रात मॅडमकडे गेले. उंदरांचं खरं आहे, त्या म्हणाल्या. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी कॅन्सर जास्त होणाऱ्या जातीची पिल्लं दुसऱ्या जातीच्या उंदरिणीला पाजायला लावली, तर त्यांच्यात कॅन्सर कमी झाला. दुधातली ती गोष्ट पुढे विषाणू निघाली. माणसांत तसं शोधणं तेव्हापासून चालूच आहे. १९७१ च्या सुमारास मुंबईच्या पारशी बायांचं दूधही तपासलं गेलं. काही संशोधकांना बायांच्या गाठींत तसल्या विषाणूच्या खुणा दिसल्या, काहींना दिसल्या नाहीत. कारण म्हणून अजून सिद्ध काही नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा एचपीव्ही हा विषाणू मात्र पक्का, त्या शोधाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. आमच्या बाया दोन्ही एकच धरतात, आणि लेखातही दोन्ही एकाच परिच्छेदात होते.

अंगावर पाजल्याने तर आईचाच धोका थोडा कमी होतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा हिशेब करून २००२ सालीच हे मांडलंय. आईला झालेला असेल तर लेकीने गाठ लागते का ते बघत राहावं, लागली तर कापसाची वेचणी संपायची वाट न बघता दाखवावी. आमच्याकडे नेमकं तेच होत नाही.

माझं मागणं एवढंच. असा लेख छापाल तेव्हा 'हा रोग लागत नाही, बाळाला पाजणं थांबवू नका' हे पहिल्याच ओळीत, ठळक छापा. कात्रण कुठूनही कापलं तरी तेवढं राहील.

बाळ आता परत अंगावर पितंय. दूध चढायला चार दिवस लागले. डबा सासूने फळीवर ठेवलाय, सोयाबीनच्या पैशातून आणला म्हणून टाकवत नाही म्हणते.

आपली,
एक आशा सेविका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ