५८, ६० आणि ४६

वाशी, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करावे, या मागणीच्या निवेदनाचा मसुदा मिळाला. माणसे आता जास्त जगतात, तेव्हा सर्वांनीच दोन वर्षे जास्त काम करायला काय हरकत आहे, असे तू त्यात लिहिले आहेस. तुमच्या मागणीला माझा विरोध नाही. परंतु त्या 'सर्वांनीच' या शब्दापाशी मी अडलो, कारण आमच्या आबांचे काम ४६ व्या वर्षी संपले होते.

आबा १९७४ साली पाटण तालुक्यातून मशीद बंदरच्या दाणाबाजारात आले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ सालीच झाला होता आणि त्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, म्हणून आबा त्यांचे नाव देवासारखे घेत. त्या कायद्याखालच्या माथाडी मंडळात नोंदणी झाल्यामुळे व्यापाऱ्यांनी मजुरीशिवाय वेगळ्या भरलेल्या रकमेतून, म्हणजे लेव्हीतून, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळाली, त्यावर आमचे घर उभे राहिले. मात्र त्या काळी गोणी शंभर किलोची असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने ५५ किलोंहून अधिक ओझे उचलू नये अशी शिफारस केली होती, आणि आबा रोज शंभरेक गोण्या, म्हणजे दहा टन धान्य, फळीवरून चढवून थप्पी लावत होते.

गडी थकू लागला की हमालांची टोळी त्याला कशी सांभाळून घेते, हे तुला कोणत्याही शासकीय कागदात सापडणार नाही. आबांना शेवटची दोन वर्षे गोण्या मोजणे, फाटलेले पोते सुतळीने शिवणे, सांडलेले धान्य भरणे एवढेच काम होते. त्यांच्या वाट्याचे वजन बाकीचे उचलत आणि तरी वाटणी सारखीच होई. आबांना याची लाज वाटे. मुकादमाने मात्र त्यांना कधी एका शब्दानेही दुखावले नाही. अखेर २००३ साली एका संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि 'थोरल्याला पाठवा आता' एवढेच बोलला. दादा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या जागी मी शिकलो, हे तुला माहीत आहेच.

शरीर थांबल्यानंतर पेन्शन सुरू होईपर्यंतची वर्षे अशा घरांत मुलगा भरून काढतो. केंद्राची २०१९ सालची श्रमयोगी मानधन योजना घे. असंघटित कामगाराला साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देण्याची तिची हमी चांगलीच आहे. पण पाठीवर ओझे वाहणारा नोंदणीबाहेरचा हमाल सत्तेचाळीसाव्या वर्षी बसला, तर पुढची तेरा वर्षे त्याने काय खायचे? फ्रान्समध्ये कष्टाच्या कामाचे खाते ठेवून अशा कामगारांना लवकर निवृत्त होऊ देण्याची सोय झाली होती, परंतु २०१७ साली जड ओझी वाहण्याचा निकषच त्यातून वगळण्यात आला. प्रत्येकाने किती ओझे वाहिले हे मोजणे अवघड जाते, अशी मालकांची तक्रार होती. आमच्या टोळीतला अशिक्षित गडीसुद्धा दिवसाच्या गोण्या तोंडपाठ सांगतो, म्हणून मला ते कारण पटत नाही. निवृत्तीचे वय जन्मतारखेवरून नव्हे, तर ओझ्याखाली गेलेल्या वर्षांवरून ठरावे, असे मला मनापासून वाटते.

आता गोणी ५० किलोची झाली आहे. तरी गाडी लवकर रिकामी व्हावी म्हणून दादा कित्येक वर्षे दोन गोण्या एकदम घेत असे. तो ४२ वर्षांचा आहे, दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि गेल्या महिन्यापासून टोळीने त्याला मोजणीवर बसवले आहे. त्याचा मुलगा यंदा बारावीत आहे.

तुमच्या निवेदनात अंगमेहनतीच्या कामगारांसाठी स्वतंत्र परिच्छेद घालता येईल का, ते पाहा; मजकूर मी लिहून देतो. त्याआधी दादाशी एकदा बोल. पुढच्या रविवारी तो घरीच आहे. खाली भेटूया असे मात्र त्याला सांगू नकोस, तीन जिने उतरणे त्याला आता जमत नाही. तूच वर ये.

तुझा,
विजय