घरी काडतुसं भरायच्या आधी डब्यावरचा लॉट नंबर वाचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रायफल शूटिंगची बातमी मेडल आलं की येते, एरवी नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून आपल्या सोलापुरात पण रायफल शिकायला येणारी पोरं वाढलीत, चांगली गोष्ट आहे. पण या पोरांच्या हातात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये अमेरिकेतले आजोबा आहेत, जे गॅरेजमध्ये प्रेस लावून वापरलेली काडतुसं परत भरतात आणि मग एकाच भोकातून पाच गोळ्या घालून दाखवतात. झालं, दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "सर, आपण बी रिलोडिंग करूया की, ग्रुप बारीक होतोय म्हणे." (ग्रुप म्हणजे टार्गेटवर लागलेल्या गोळ्यांचा झुबका, जेवढा लहान तेवढा नेम पक्का.)

पहिली गोष्ट, जी त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण तिकडे सगळ्यांना माहीतच असते. आपली पोरं ५० मीटरला जी पॉइंट टू टू वापरतात ती रिमफायर आहे, १८८७ पासूनचं काडतूस. हिला मधोमध वेगळा प्राइमर, म्हणजे पेट घेणारी टिकली, नसतो, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) तळाच्या काठात आतून भरलेला असतो, चाप ओढला की पिन तो काठ चेपते आणि मसाला पेटतो. एकदा उडाली की मसाला संपला, काठ चेपला, पुंगळी भंगारात. म्हणजे ज्या रायफलसाठी पोरं विचारतात तिची काडतुसं परत भरायचा प्रश्नच येत नाही. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दारूच नसते, नुसते छर्रे. संपला विषय. पण पोरांचं समाधान होत नाही म्हणून पुढचं सांगतो.

रिलोडिंग होतं ते सेंटरफायरचं, म्हणजे तळाच्या मधोमध वेगळा प्राइमर असलेल्या काडतुसांचं, तीनशे मीटरवाल्या रायफलीसारखं. तिथे पितळेची पुंगळी उडताना फुगून तुमच्याच रायफलच्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) मापाची होते, ती महाग असते आणि पुन्हा वापरता येते. जुना प्राइमर काढायचा, डायमधून (साच्यातून) पुंगळी मापात आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्राइमर, तोलून दारू, आणि वर गोळी ठरावीक खोलीवर बसवायची. त्यात पण बेर्दान पद्धतीची पुंगळी असेल तर आत मधोमध एक भोक नसून बाजूला दोन असतात, जुना प्राइमर काढायची साधी पिन लागतच नाही. गंमत म्हणजे बेर्दान हा अमेरिकन, त्याची पद्धत चालली युरोपात, आणि बॉक्सर हा इंग्रज, त्याची चालली अमेरिकेत.

याने अचूकता का वाढते, तर प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच होतं म्हणून, बाकी जादू काही नाही. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि तिकडचे लोक ग्रेनच्या दहाव्या भागावरून भांडतात. ग्रेन म्हणजे किती ते आपल्या सराफ बाजारात विचारा, एका तोळ्यात १८० ग्रेन. एवढ्या मापाने तोललं, पुंगळ्या एकाच जातीच्या, पुंगळीच्या गळ्याची गोळीवरची पकड सारखी, तर प्रत्येक गोळी जवळजवळ त्याच वेगाने निघते आणि तीनशे मीटरवर वर-खाली कमी होतं. जो माणूस घाईत, फोनवर बोलत बोलत भरतो त्याची काडतुसं कारखान्यापेक्षा वाईटच होणार, आणि वाईट झाली तर नुसता ग्रुप मोठा होत नाही. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली किंवा डबा बदलून भलतीच दारू गेली तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा लोखंडी दांडा) तोंडावर येऊ शकतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. बऱ्याच दारूंचा दाब गरमीने वाढतो, डिसेंबरात बरोबर वाटलेला लोड (दारूचं माप) मे महिन्यात, गाडीच्या काचेखाली तापलेला, मर्यादेच्या बाहेर जाऊ शकतो, हे थंड देशातले आजोबा कशाला सांगतील.

आणि कायदा. हे जरा ठळक छापा साहेब. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, तुमच्याकडे बंदुकीचं लायसन आहे म्हणून काडतुसं भरायचं लायसन आपोआप मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. विसाव्या वर्षी कोणी "ऑनलाइन मागवतो" म्हणालं तर त्याच्या घरच्यांनी आधी हे वाचावं. ज्याला खरंच सेंटरफायर खेळायचंय त्याने असोसिएशनच्या मार्फत, जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारूनच पुढे जावं, आणि शिकायचं ते परवानाधारक अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, पावडर कंपनीचं मॅन्युअल समोर ठेवून. कोणाच्या व्हिडिओतला लोड उचलायचा नाही.

आता मुद्द्याचं. रिलोडिंगवाले जे घरात राबून मिळवतात, म्हणजे सारखेपणा, ते पॉइंट टू टू वाल्याला लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, निवडून मिळतं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसं, पण दोन वेगळ्या लॉटची, एकाच नळीतून वेगळी लागतात. आणि माझ्या नळीला आवडलेला लॉट शेजारच्या पोराच्या नळीला आवडेलच असं नाही. हिशोब करा, मॅच काडतुसाची ४० ग्रेनची गोळी साधारण ३२५ मीटर सेकंदाला जाते, त्यात दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आणि टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं! पोरगा म्हणतो माझा श्वास चुकला, कोच म्हणतो चाप झटक्यात ओढला, आणि खरं म्हणजे अर्धा दोष डब्यात असतो. म्हणून मोठे खेळाडू लापुआ आणि एली या काडतुसाच्या कंपन्यांकडे, जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या सेंटरवर नाहीतर बर्मिंगहॅमला एलीकडे, स्वतःची रायफल घेऊन जातात, तिथे ती क्लॅम्पमध्ये बांधतात, लॉटमागून लॉट मारतात आणि जो सगळ्यात घट्ट ग्रुप देतो तो घेऊन येतात.

आपली पोरं बर्मिंगहॅमला जाणार नाहीत, बालेवाडीलाच जाताना तिकिटाची मारामार असते. पण इथे राहून पण होतं. चार-पाच लॉटचा एकेक डबा घ्या, प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे निदान दोन ग्रुप, सँडबॅगवर टेकवून, वारा नसताना सकाळी. लॉट बदलला की आधी थोड्या गोळ्या अशाच मारून टाका, नळीत आधीच्या मेणाचा थर असतो. तीन शॉटचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नका, तीन गोळ्या नशिबाने पण जवळ लागतात, आणि सुंदर ग्रुपचाच फोटो काढून बाकीचे कागद फेकणं तर बंदच करा. सगळं वहीत लिहायचं, लॉट नंबर, तापमान, नळी कधी साफ केली. एअर रायफलवाल्यांनी छर्ऱ्यांचं तेच करावं, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं मिळतात, आपल्या नळीला कुठलं चालतं ते बघावं, गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायला मिळतात तसले कसले पण छर्रे घालू नयेत.

आमच्या पोरांना स्पर्धेआधी जी काडतुसं मिळाली ती एका पोराला तीन लॉटची मिळाली, देणाऱ्यांचं म्हणणं होतं की डबा तोच आहे ना. जिल्ह्यासाठी खरेदी करणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे, असं करू नका. खरेदी करताना लॉट नंबर बघून घ्या, एका खेळाडूला एकच लॉट द्या, आणि मोठी ऑर्डर द्यायच्या आधी थोडे नमुने मागवून वर्षातून एकदा सगळ्यांच्या रायफलींवर टेस्ट ठेवा. एक मजबूत क्लॅम्प एमआयडीसीतला कुठलाही चांगला फिटर करून देईल. खर्च एका चांगल्या शूटिंग जॅकेटपेक्षा कमी येईल असं मला वाटतं, आणि फायदा सगळ्या पोरांना.

पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर बेर्दान-बॉक्सर कापा, कायद्याचं आणि लॉटचं कापू नका.

आपला,
एक जुना रायफलवाला, होटगी रोड, सोलापूर
(नाव छापू नये, पोरं चिडवतात)